गर्दीचा आकडा आधी ठरवा

पर्यटनस्थळी तंत्रज्ञान आणायचे ठरले की आपल्याकडे आधी कॅमेरे बसतात आणि मग अ‍ॅप येते. त्या जागेला किती माणसे झेपतील, हा प्रश्न शेवटी राहतो. हा क्रम उलटा व्हायला हवा. आकडा आधी ठरला, तो जाहीर झाला आणि तो पाळण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर टाकली, तरच यंत्रणेचा उपयोग. नाहीतर तुडुंब गर्दीचे स्पष्ट चित्रीकरण तेवढे आपल्या हाती उरते.

साताऱ्याच्या कास पठाराकडे पाहिले की हे पटते. पश्चिम घाटातील हे ठिकाण २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथे जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे आणि त्यावर गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशा नाजूक वनस्पती उगवतात. त्यांतल्या अनेकांचे आयुष्य एका पावसाळ्याचे असते. फूल बी धरण्याआधीच पायाखाली गेले, तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? म्हणूनच वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या समितीने हंगामात दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घातली आणि ऑनलाइन नोंदणी सुरू केली. या व्यवस्थेत तंत्रज्ञान साधेच आहे. त्यामागचा निर्णय मात्र मोलाचा आहे, कारण माणूस घरून निघण्यापूर्वीच त्याला जागा आहे की नाही हे कळते. शनिवार-रविवारी ही मर्यादा पाळणे कठीण जाते. म्हणून ती सैल करण्यापेक्षा साताऱ्यातून वर येणाऱ्या रस्त्यावरच नोंदणी तपासावी.

असा निर्णय नसला की काय होते, हे पुणे जिल्ह्याने दोनदा पाहिले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार होते. पावसाळी रविवारची गर्दी काही अचानक येत नाही. टोलनाके आणि वाहनतळ ती सकाळपासूनच मोजू शकतात. पण त्या मोजणीवरून रस्ता बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले असावे लागते. आकडा आधी ठरवता येतो, याचे उदाहरण तमिळनाडूत आहे. तिथे मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालसाठी ई-पास आला. आधी वाहनांची नोंद झाली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात मर्यादा लागू झाली: उटीच्या निलगिरी जिल्ह्यात एरवी रोज ६००० आणि शनिवार-रविवारी ८००० वाहने. स्थानिकांची वाहने आणि सरकारी बस यांना सूट मिळाली.

अशा मर्यादेवरचे आक्षेप रास्त आहेत. स्मार्टफोन नसलेल्या कुटुंबाने काय करायचे? त्यांच्यासाठी रोजच्या जागांतला ठरावीक वाटा एसटी स्थानकावरच्या खिडकीवर राखून ठेवावा. चहा-भजीची टपरी चालवणाऱ्याचे नुकसान होईल, ही भीतीही खोटी नाही. पण एका रविवारी उसळणारी गर्दी आठवडाभर पसरली, तर त्याचा धंदा टिकेल आणि उघड्यावर पडणारा कचराही आटोक्यात येईल. कासची गर्दी जवळच्या ठोसेघर धबधब्याकडे सरकेल, म्हणून आकडा एका जागेपुरता न ठेवता सगळ्या परिसराचा मिळून ठरवावा. खासगी माहितीचे म्हणाल, तर वाहनाचा क्रमांक आणि माणसांची संख्या एवढे पुरते आणि हंगाम संपताच तीही पुसून टाकावी. पैशाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. ताडोबाच्या सफारी बुकिंगचे काम पाहणाऱ्या खासगी कंपनीने सुमारे १२ कोटी रुपये बुडवल्याची तक्रार २०२३ मध्ये पोलिसांत गेली. यंत्रणा दुसऱ्याच्या हाती सोपवून प्रशासनाने डोळे मिटून चालत नाही. शुल्क थेट सरकारी किंवा समितीच्या खात्यात जमा व्हावे आणि हिशेब गावाला दर महिन्याला दिसावा.

जिल्हाधिकाऱ्यांनी पुढच्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या जिल्ह्यातील धोक्याच्या आणि नाजूक ठिकाणांची यादी करावी, वनविभाग आणि ग्रामसभांना सोबत घेऊन प्रत्येकाचा आकडा जाहीर करावा आणि तो ओलांडला की कोणता नाका कोण बंद करणार, हे लेखी ठरवावे. अ‍ॅपची निविदा त्यानंतर काढली तरी चालेल.