गोदाम कुणाच्या सोयीचे?

२०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा आणला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हाती पडला २ रुपयांचा चेक! भाव कोसळला होता हे खरेच. पण एवढ्या लांबून आणलेला माल परत न्यायचा म्हटलं तर भाडे दुप्पट. मग मिळेल त्या भावाला मान डोलवावी लागते.

कुणी म्हणेल, लाल कांदा टिकतच नाही, त्याला गोदाम काय कामाचे? बरोबर आहे. पण तूर, उडीद, सोयाबीन तर टिकते ना? तीही आपण रानातून थेट आडतीवर नेतो आणि ऐन आवकेत विकून मोकळे होतो. कारण ठेवायला जागा नाही आणि देणेकरी दारात.

व्यापाऱ्याचे तसे नसते. गोदाम कुठे घ्यायचे हे तो हिशेबाने ठरवतो. जागा किती महाग आणि माल ने-आण करायला खर्च किती, या दोन आकड्यांचा मेळ तो घालतो. भिवंडीच्या आसपासच्या खेड्यांत एवढी गोदामे का झाली? मुंबईच्या जकात नाक्याबाहेर स्वस्त जमीन आणि शेजारी महामार्ग, म्हणून. २०१७ साली जकात गेली, तरी गोदामे तिथेच आहेत. सोलापुरातही व्यापारी बाजार समिती आणि हमरस्ता जवळ करणारच. त्यात त्याची चूक नाही. मात्र तुमच्या गावापासूनचे भाडे त्याच्या हिशेबात नसते, ते तुमच्या पट्टीतून कापले जाते.

म्हणून आपले गोदाम आपल्या शिवाराजवळ हवे. पण एका गावापुरते बांधाल तर सुगी सरल्यावर ते रिकामे पडेल, आणि रिकाम्या गोदामाने कर्ज फिटत नाही. पाच-दहा गावांच्या सोसायट्यांनी मिळून एकच बांधावे. सरपंच आणि सचिव मंडळींनो, गायरान फुकट मिळते म्हणून ओढ्याकाठची जागा धरू नका. बारमाही रस्ता, ट्रक वळेल एवढे आवार, पाणी न साचणारी जमीन आणि जवळ वजनकाटा, एवढे आधी पाहा.

देणेकऱ्याचे काय? पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. ठरलेला माल बाजार समितीकडे तारण ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. आपले गोदाम २००७ च्या गोदाम कायद्याखाली नोंदवले, तर त्याच्या पावतीवरही बँकेकडे कर्ज मागता येते.

भाव ठरवणे आपल्या हाती नाही. विकायचा दिवस ठरवणे मात्र हाती येऊ शकते. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच.