प्लगइन पाच पुरे, सहावं कमाईतून घ्या



अँटॉप हिलच्या माझ्या दुकानात माईक घ्यायला येणाऱ्या पोरांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "सर, प्लगइन कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, हातात ऑर्डर किती आहेत? मग गप्प.

माझं मत सरळ आहे. घरातून व्हॉइसओव्हर, पॉडकास्ट किंवा मंडळाचं गाणं रेकॉर्ड करून कमवायचं असेल, तर सुरुवातीला प्लगइनवर एक रुपयाही घालू नका. कामाला लागतात ती पाचच:

१. ईक्यू: आवाजाचं रेकॉर्डिंग असेल तर ८० हर्ट्झच्या खालचं कापा. पंख्याची, रस्त्याची बरीच घरघर तिथेच जाते.
२. कॉम्प्रेसर: कुठे मोठा, कुठे बारीक झालेला आवाज एका पातळीवर आणतो.
३. डी-एसर: 'स', 'श' कानाला टोचतात, ते मऊ करतो. टीडीआर नोव्हा हे फुकट प्लगइन हे काम करतं.
४. नॉइज रिडक्शन: मागची एकसारखी सरसर कमी करतो. जपून वापरा, नाहीतर माणूस डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो.
५. लिमिटर, आणि सोबत लाउडनेस मीटर: स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर वाजवतं. यूलीनचा फुकट मीटर लावला की आपण कुठे आहोत ते कळतं.

रिपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, नंतर छोट्या धंद्याला लायसन्स ६० डॉलरला. यातली बहुतेक प्लगइन त्यात आधीच असतात, गाण्यासाठी रिव्हर्बसुद्धा. विंडोजवर दुसरं सॉफ्टवेअर असेल तर 'रिआप्लग्स' फुकट उतरवा.

आणि एक लक्षात ठेवा. खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजत असेल, भिंती उघड्या असतील, तर महागडं प्लगइनही खोलीचा घुमारा नीट काढू शकत नाही. आधी गोधड्या टांगा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याजवळ बसा, पंखा बंद करा.

"पेन ड्राइव्हवर क्रॅक मिळतो की," असंही पोरं सांगतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं गुन्हा आहे. कैद ७ दिवस ते ३ वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख. वर व्हायरस आला तर गिऱ्हाईकाच्या फाइलीही जातील. धंद्यात नाव एकदाच जातं.

सबस्क्रिप्शनचं काय? मार्च २०२३ मध्ये वेव्हज या मोठ्या कंपनीने कायमचं लायसन्स बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवायचं जाहीर केलं. साऊंडवाले भडकले, आणि काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. ते भडकले ते बरोबरच होतं. सबस्क्रिप्शन म्हणजे दुकानाचं भाडं. गिऱ्हाईक येवो न येवो, द्यावंच लागतं. गणपतीआधी काम भरपूर, पण बाकीचे महिने?

म्हणून हिशोब असा करा. समजा प्लगइन १२,००० चं आहे आणि एका कामामागे हातात १,५०० उरतात. म्हणजे आठ कामं फक्त त्याच्यासाठी. त्याने काम लवकर होणार असेल किंवा दर वाढवता येणार असेल, तर जरूर घ्या. नुसतं स्क्रीनवर छान दिसतं म्हणून नको.

या आठवड्यात एवढं करा: एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करा, ही पाच लावा आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. तुमचं गिऱ्हाईकही बहुधा तिथेच ऐकणार आहे.