आई कुठे रडली?

माझी कादंबरी गेल्या पावसाळ्यात लिहून पुरी झाली. निदान मला तसे वाटले होते.

विषय आमच्याच भागातला. माथेरानचे भाई कोतवाल, त्यांचा आझाद दस्ता, विजेचे मनोरे पाडणारी ती पोरे, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले तो दिवस. पण कादंबरी त्यांच्यावर नाही. त्यांना रानात भाकरी पोचवणाऱ्या एका साध्या शेतकऱ्यावर आणि त्याच्या बायकोवर आहे. घरच्यांनी ओळखलेच, ते माझे आईवडील.

माझा जन्म नंतरचा. त्यामुळे घरी पोलीस आले तो प्रसंग मी मनानेच रंगवला होता. आईच्या काळजाचे पाणी पाणी झाले, तिने हंबरडा फोडला, पदरात तोंड लपवले... दोन पाने नुसता महापूर! अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, वाचून दाखवले. ती आता नव्वदीला टेकली आहे. ऐकून म्हणाली, "आई कुठे रडली रे?"

मग तिने सांगितले. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. पोलिसांनी विचारले, नवरा कुठाय? ती म्हणाली, ठाऊक नाही. आणि पाखडतच राहिली. सुपातले चांगले तांदूळ अंगणात उडत होते, कोंबड्या येऊन टिपत होत्या. एरवी दाणा सांडला तर आमच्या पाठीत धपाटा घालणारी बाई. तिने त्या दिवशी कोंबड्या हाकलल्या नाहीत. अक्काला पोलिसांचे चेहरे आठवत नाहीत. कोंबड्या आठवतात.

घरी येऊन हस्तलिखित तपासायला घेतले. डोळ्यांत पाणी येण्याचे प्रसंग मोजले, एकतीस निघाले! त्यातले बहुतेक अश्रू माझे होते, आईचे नव्हते. दोष माझ्या पेशाचाही आहे. तीस-पस्तीस वर्षे मी निबंध तपासले. 'अश्रू अनावर झाले' असे वाक्य दिसले की खाली रेघ मारून गुण वाढवायचे. पोरांना मीच ती सवय लावली, आणि म्हातारपणी ती माझ्यावरच उलटली.

हल्ली लिहिणाऱ्यांना सल्ला मिळतो की भावनेचे नावच घेऊ नका, फक्त कृती दाखवा. हे मला अर्धेच पटते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहिली. तिच्यात माणसे मोकळेपणाने रडतात आणि आपणही रडतो. कारण सांगणारा श्याम आहे. ती त्याची आई, ते त्याचे रडू. ते शब्द त्याच्या तोंडात शोभतात. उलट 'बनगरवाडी'तला (१९५५) तरुण मास्तर स्वतःच्या मनाविषयी फारसे बोलतच नाही, आणि तरी ओसाड पडलेले गाव सोडून तो निघतो तेव्हा आपल्या घशात आवंढा येतो. म्हणून पुनर्लेखन करताना मी आता प्रत्येक भावनेच्या शब्दापाशी थांबून विचारतो, हा शब्द कोणाचा? पात्राचा असला तर राहू देतो, अगदी 'हंबरडा'सुद्धा. माझा असला तर लाल पेन. (लाल पेनाची सवय मात्र मोडली नाही!)

एकतीसपैकी सहा उरले. त्यातला एक आजीचा आहे. ती खरोखरच गाव गोळा होईल अशी रडायची.

अंगणाचा प्रसंग आता पाऊण पानात बसला. अक्काला पुन्हा वाचून दाखवला तर ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तांबडी कोंबडी सगळ्यात पुढे होती, ते लिही."

लिहिले.

अडले आहे ते शेवटून दुसरे प्रकरण. वडील घरी परत आले तो दिवस. अक्काला विचारले, तर तिला त्यातले काहीच आठवत नाही. माझ्या मसुद्यात आई त्यांच्या पायाशी कोसळते. ते पान फाडले आहे, आणि त्या जागी अजून काही लिहिलेले नाही.