ट्रकवाल्याच्या भाड्याला मीटर कधी?

इंधन महागले की रिक्षाचे भाडे, उशिरा का होईना, वाढवून मिळते. एस.टी.चे तिकीटही वाढते. त्यासाठी शासनाने समित्या नेमल्या, सूत्रे ठरवली. पण चाकणच्या कारखान्यातून माल भरून न्हावा-शेवा बंदराकडे निघालेल्या, स्वतःची एकच गाडी स्वतः चालवणाऱ्या ट्रकवाल्यासाठी कोणते सूत्र आहे? त्याच्या भाड्याला मीटर नाही.

सूत्र कोणाला ठाऊकच नाही, असे मात्र नाही. मोठ्या कंपन्या आणि मोठे ट्रान्सपोर्टर यांच्या करारात डिझेलचे कलम सर्रास असते. त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, जाऊन-येऊन ३०० किलोमीटरची खेप आहे आणि गाडी लिटरला ४ किलोमीटर देते. म्हणजे ७५ लिटर डिझेल लागले. कराराच्या दिवशी भाव ८० रुपये होता, तर खर्च ६,००० रुपये. भाडे १५,००० धरले तर त्यात डिझेलचा वाटा ४० टक्के. भाव ९० झाला, म्हणजे साडेबारा टक्के वाढला. तेव्हा भाडे ५ टक्के, म्हणजे ७५० रुपयांनी वाढायला हवे. यालाच इंधन अधिभार म्हणतात. ही मेहेरबानी नव्हे, खिशातून गेलेल्या पैशाची भरपाई आहे.

मग हे ७५० रुपये अडतात कुठे? कंपनीचा करार मोठ्या ट्रान्सपोर्टरशी. त्याच्याकडे गाड्या कमी पडल्या की तो दलालाला सांगतो. दलाल निगडी-चाकणच्या नाक्यावर उभा असलेला ट्रक उचलतो आणि ठोक भाडे सांगतो. 'परवडत असेल तर भर, नाहीतर मागे रांग आहे.' वर करारात अधिभार असला, तरी खाली बिल्टीवर त्याचा उल्लेख नसतो. डिझेल ज्याने भरले त्याला भरपाई नाही. ज्याने टाकीचे झाकणही उघडले नाही, त्याच्याकडे ती थांबू शकते!

वेळेचाही खेळ पाहा. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त केले आणि १६ जून २०१७ पासून भाव रोज ठरवण्याची पद्धत आली. करारातले भाडे मात्र महिन्याने, तिमाहीने बदलते. पंपावर रोख द्यायचे आणि भाड्याच्या बाकीसाठी हेलपाटे घालायचे. त्यात चाकणच्या तळेगाव चौकात तासन् तास गाडी रखडली, तर जळालेल्या डिझेलचा हिशेब कोणत्याच सूत्रात नाही. सूत्र किलोमीटर मोजते, कोंडी मोजत नाही.

डिझेल स्वस्त करा, ही मागणी रास्तच आहे. जुलै २०१८ मध्ये देशभरच्या मालवाहतूकदारांनी आठ दिवस चाके थांबवली, तेव्हाही ती होती. पुढे केंद्राने डिझेलवरचे अबकारी शुल्क नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपयांनी आणि मे २०२२ मध्ये ६ रुपयांनी कमी केले. पण भाव उतरल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. भाव वाढला तर भार कोणी सोसायचा, हा तो प्रश्न आहे.

सरकार म्हणेल, हा दोघांमधला खासगी व्यवहार आहे. ते खोटे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६७ ने मालवाहू गाड्यांचेही किमान व कमाल भाडे ठरवण्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला आहे. रिक्षासाठी जो अधिकार वापरता, तो ट्रकसाठी का नाही? मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ हा २०२५ पर्यंत पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. एका गाडीचा धनी त्याच्याही बाहेर होता. म्हणायला 'मालक', पण भाव ठरवायची वेळ आली की मजुराहूनही मुका! राज्याने हात झटकले की दुबळ्याला स्वातंत्र्य मिळत नाही, बलवानाची हुकूमत येते, हे बाबासाहेबांनी १९४७ सालीच बजावले होते.

आमची मागणी साधी आहे. किमान भाडे शासनाने ठरवावे आणि ते डिझेलच्या भावाशी जोडावे. मूळ भाव, रिकाम्या परतीसह अंतर आणि अधिभार हे तिन्ही बिल्टीवर वेगळे लिहावे. आणि डिझेल जो भरेल, अधिभार पूर्ण त्यालाच मिळावा. कारखान्याचा माल ट्रकवाला वाहतो. कारखान्याचा तोटाही त्यानेच का वाहावा?