साथ यंत्राची, लय माणसाची

तुळशीचे लग्न लागले की मराठवाड्यात लग्नसराईची चाहूल लागते, आणि सोयाबीन-कापसाचे पैसे हाती पडू लागले की हळदीच्या मांडवासाठी गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मंडळींचा शोध सुरू होतो. परभणी जिल्ह्यातील पाथरी हे तालुक्याचे गाव याला अपवाद नाही. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे या गावाचे नाव राज्यभर गाजले, शंभर कोटींच्या विकासाच्या घोषणेची चर्चा झाली, शिर्डीत बंदही पाळला गेला. त्या गदारोळात गावाच्या नित्याच्या जीवनाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. एकादशीचे भजन, दर्ग्याच्या उरुसातील कव्वाली, १४ एप्रिलची भीमगीते, नवरात्रातील गोंधळ आणि लग्नातील हळदीची गाणी या सर्वांचा भार येथे वर्षभर तीच चार-दोन वादक मंडळी वाहत असतात. या मंडळींच्या पुढ्यात पूर्वी पेटी असे. आज तिच्या जागी, किंवा तिच्या शेजारी, विजेवर चालणारा कीबोर्ड असतो. त्यावर नाव कोणत्याही कंपनीचे असो, गावात त्याला ‘कॅसिओ’ असेच म्हणतात.

कोणता ‘कॅसिओ’ घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता हौशी मंडळींच्या गप्पांचा वाटेल. वस्तुतः तो पोटापाण्याचा प्रश्न आहे. मोठ्या शहरातील वादकाने चुकीचे वाद्य घेतले तर तो ते विकून दुसरे घेतो. पाथरीच्या वादकाने ते घेतलेले असते उसनवारी करून, एखादा दागिना गहाण टाकून. त्याची निवड चुकली, तर दोन-तीन हंगामांची सुपारी त्या चुकीतच मुरते. म्हणून या वाद्यांची तुलना दुकानातील पाटीवरच्या आकड्यांनी न करता मांडवातील अनुभवाने करणे अगत्याचे आहे.

‘अरेंजर’ म्हणविणारा कीबोर्ड काय करतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. वादक डाव्या हाताने स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, दाबतो. यंत्र तो ओळखते आणि त्या आधारावर ताल, बास, गिटार, तंतुवाद्यांचा समूह अशी सगळी साथ स्वतःच वाजवू लागते. उजवा हात चाल वाजविण्यास मोकळा राहतो. आरंभीचा तुकडा, मधली वळणे, समेपूर्वीची भर आणि शेवट यांसाठी वेगळी बटणे असतात. या कल्पनेचे मूळ जुने आहे. अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीने १९५९ मध्ये तालाचे यंत्र विक्रीस आणले, त्याचे नावच ‘साइडमॅन’, म्हणजे साथीदार, असे होते. १९८० मध्ये कॅसिओने आपला पहिला ‘कॅसिओटोन’ बाजारात आणला, आणि पुढे ही सोय सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. साथीदाराचे काम यंत्राने करावे काय, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात जन्मलेले हार्मोनियम भारतात आले आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी ते पायपेटीवरून हातपेटीवर आणले. मांडी घालून बसणाऱ्या गायकाच्या मांडीलगत ते विसावले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्याला मैफिलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, हे आक्षेप अगदीच निराधार नव्हते. पण बंदीने पेटी मेली नाही. मराठवाड्याच्याच मातीतून आलेल्या आप्पा जळगावकरांनी याच सदोष वाद्यातून जी साथ केली, तिने आक्षेपकांना परस्पर उत्तर दिले. या इतिहासाचा बोध दुहेरी आहे. परके वाद्य केवळ परके म्हणून त्याज्य ठरत नाही, आणि ते आपल्या बैठकीला जुळवून घेतल्यावाचून आपलेही होत नाही.

आज बाजारात जी वाद्ये दिसतात त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात यामाहाचा पीएसआर-आय ५००, कॅसिओचा सीटी-एक्स ८७० आयएन अशी, भारतीय गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून काढलेली स्वस्त वाद्ये येतात. त्यांत भारतीय वाद्यांचे आवाज आहेत, भारतीय धर्तीचे ठेके आहेत. यामाहाने तर ‘रियाज’ या नावाखाली तबला-तंबोऱ्याची साथही दिली आहे. दुसऱ्या वर्गात रोलँडचा एक्सपीएस-१० आणि त्याचा थोरला भाऊ एक्सपीएस-३० येतात. काटेकोर अर्थाने हे अरेंजर नव्हेत, सिंथेसायझर आहेत. बाहेरून आणलेले ध्वनिनमुने त्यांत भरता येतात, आणि सनई, बासरी, सारंगी यांचे आवाज भरून घेऊन भजनी मंडळांपासून ऑर्केस्ट्रापर्यंत त्यांनी आपले स्थान पक्के केले आहे. तिसऱ्या वर्गात कोर्गचे पीए-७०० व पीए-१०००, यामाहाचा २०१९ मधील पीएसआर-एसएक्स ९०० आणि २०२४ मध्ये त्याच्या जागी आलेला एसएक्स ९२० हे खरेखुरे अरेंजर आहेत. पहिल्या वर्गातील वाद्य काही हजारांत येते. तिसऱ्यातील बहुतेक वाद्यांसाठी लाखाचा उंबरठा ओलांडावा लागतो.

यांच्यातील श्रेष्ठ कोणते, असा सरधोपट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. पाथरीच्या वादकाने चार कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी लयीची. यंत्राची लय घड्याळासारखी असते. आपल्या संगीताची लय श्वासासारखी आहे. अभंग संथ सुरू होतो आणि नामगजराला पोहोचेपर्यंत टाळकरी कधी दुपटीत गेले ते कळत नाही. संबळावरचा गोंधळी अंगात आल्यासारखा वेग वाढवितो. कव्वाल एका ओळीवर अडून राहतो आणि श्रोत्यांची दाद मिळेपर्यंत पुढे सरकत नाही. अशा वेळी ज्या वाद्याची लय बोटाच्या टिचकीसरशी बदलता येते, ज्याचा तुकडा तत्काळ थांबविता वा पुन्हा धरता येतो, तेच उपयोगी. तिसऱ्या वर्गातील वाद्यांचे खरे मोल येथे आहे. वादकाला स्वतःची ‘स्टाइल’ रचून साठविता येते, भजनी ठेका किंवा धुमाळी आपल्या गावच्या वजनाने बसविता येते. स्वस्त वाद्यांत कंपनीने दिलेल्यावर बव्हंशी समाधान मानावे लागते, आणि तो ठेका बहुधा चित्रपटगीताच्या वळणाचा असतो.

दुसरी कसोटी सुराची. या यंत्रांत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा, म्हणून यंत्राचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो. तंबोऱ्याच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार ३८६ सेंटवर असतो. हे चौदा सेंटचे अंतर कागदावर क्षुल्लक दिसते. जाणत्या गायकाच्या कानाला मात्र ते टोचते. अनेक वाद्यांत प्रत्येक स्वर असा थोडा खाली-वर करण्याची सोय आहे, पण ती वापरणारे वादक विरळा. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अरबी व तुर्की संगीतात पाव स्वरांना महत्त्व आहे. तेथील वादकांनी ते मागितले, म्हणून कोर्गने आपल्या वाद्यांच्या ‘ओरिएंटल’ आवृत्त्या काढल्या आणि त्या स्वरांसाठी हाताशी बटणे दिली. गिऱ्हाईक जागरूक असेल तर कारखानदार वाकतो, असा याचा अर्थ आहे.

तिसरी कसोटी रस्त्याची. पाथरीला रेल्वे नाही. मानवत रोड स्थानक गाठावे लागते, आणि बहुतेक कार्यक्रमांना जाणे होते ते जीपने वा टेंपोने. चैत्र-वैशाखाचे ऊन, धूळ, लग्नघरच्या विजेचा लपंडाव, जनरेटर सुरू होताना बसणारा विजेचा झटका यांतून वाद्य तगले पाहिजे. एसएक्स ९०० सारखे वाद्य अकरा किलोंहून अधिक भरते. रोलँडच्या एक्सपीएस वाद्यांचे वजन त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, पण त्यांना अंगचा स्पीकर नाही. काही लहान वाद्ये बॅटरीवर चालतात, आणि वीज गेल्यावर हळदीच्या मांडवात तोच गुण सर्वश्रेष्ठ ठरतो. दुरुस्तीचे तर विचारूच नये. पट्टीखालचा रबरी संपर्क झिजला आणि ऐन हंगामात दोन स्वर मुके झाले, की वाद्य घेऊन मोठ्या शहराची वाट धरावी लागते. ज्या वाद्याचा कारागीर एका दिवसाच्या अंतरावर नाही, ते वाद्य कितीही गुणवान असले तरी महागच.

चौथी कसोटी हिशेबाची. एका माणसाने सहा जणांची साथ उभी करावी, हे या यंत्राचे आकर्षण आहे, आणि त्याचा दोषही तोच. यजमान विचारतो, ‘मशीनमध्ये ढोलकी आहे ना, मग ढोलकीवाला कशाला?’ त्या एका प्रश्नात ढोलकी, हलगी, संबळ, क्लॅरिनेट वाजविणाऱ्या घराण्यांची उपजीविका बुडते. ही माणसे बहुतेक त्या समाजांतील आहेत, ज्यांच्याजवळ ना जमीन होती ना दुकान. होती ती केवळ पिढीजात कला. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भीमगीते गाणाऱ्या गरीब तरुणांच्या पार्टीला सहा वादकांचे मानधन कधीच परवडणारे नव्हते. एका वाद्याच्या बळावर ती पार्टी मंचावर उभी राहिली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तेव्हा यंत्राला शिव्या देऊन वा त्याची आरती करून हा प्रश्न सुटणार नाही. यंत्राला नेमके कोणते काम सांगायचे, हे ठरविले पाहिजे. बास, तंतुवाद्यांचा समूह, पार्श्वभूमीचा भरणा ही कामे त्याने खुशाल करावीत, कारण पाथरीत ती करणारे वादक कधी नव्हतेच. ताल मात्र माणसाच्या हातात राहावा. अरेंजरमधील तालाचा भाग बंद करून उरलेली साथ चालू ठेवता येते. त्या शेजारी जिता ढोलकीवादक बसला तर लयही श्वास घेते आणि एका घरची चूलही पेटते. या दृष्टीने पाहता, ज्याला भजन-कीर्तनाची साथ करायची आहे त्याने कर्ज काढून लाखाचे वाद्य घेण्याचे कारण नाही. उत्तम पेटी आणि जोडीला एखादे हलके वाद्य त्याला पुरे. नाना प्रकारची गाणी वाजवावी लागणाऱ्या पार्टीने एक्सपीएस आणि ढोलकी ही जोडी धरावी. ज्याला खरोखर एकट्याने कार्यक्रम उभे करायचे आहेत आणि जो स्वतःचे ठेके रचण्याचे कष्ट घेणार आहे, त्यानेच अरेंजरकडे वळावे. कंपनीचे ठेके जसेच्या तसे वाजविण्यासाठी लाख रुपये घालविणे म्हणजे घोडा घेऊन तो पायी हाकण्यासारखे आहे.

शासनाचेही येथे काही कर्तव्य आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी अशा १८ व्यवसायांना पाच टक्के व्याजाने, दोन हप्त्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज मिळण्याची तरतूद झाली. त्या यादीत वादक नाही. वृद्ध कलावंतांना राज्य सरकार मानधन देते, ते उचितच आहे. परंतु तरुण कलावंताला वाद्य घेण्यासाठी वेळीच हात दिला, तर म्हातारपणी मानधनासाठी हात पसरण्याची पाळी कदाचित येणार नाही. परभणीला आकाशवाणीचे केंद्र आहे, गावोगावी ढोलकी-संबळाचे जाणते हात आहेत. त्यांचे ठेके नीट ध्वनिमुद्रित करून कोणत्याही वाद्यात भरता येतील अशा स्वरूपात खुले करणे, हे सांस्कृतिक खात्याला अशक्य नाही, आणि त्या हातांना त्याचा योग्य मोबदला देणेही अशक्य नाही. बंगळूरच्या राज नारायण या बासरीवादक अभियंत्याने १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडविला, तो कोणा परदेशी कंपनीची वाट न पाहता. गरज ओळखणारा माणूस आणि कारागिरी एकत्र आली, की यंत्र आपली भाषा बोलू लागते.

पेटी आपली व्हायला पाऊणशे वर्षे लागली. कीबोर्डला तितका अवधी मिळणार नाही, कारण त्याच्या आवृत्त्या चार-पाच वर्षांत बदलतात. गोदाकाठच्या ढोलकीची थाप मात्र आवृत्तीगणिक बदलत नाही. ती एकदा हातातून सुटली, तर पुढे कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही.