गाळणीवर किती विश्वास ठेवावा?

कुंभकोणमची प्रसिद्ध डिग्री कॉफी पितळेच्या दुमजली फिल्टरमधून उतरते. वरच्या भांड्यात पूड राहते, खालच्या भांड्यात थेंबाथेंबाने अर्क साचतो. पूड वर अडली म्हणून खाली काहीच गेले नाही, असे तेथे कोणीही म्हणणार नाही. जे विरघळले ते खाली गेले. फिल्टर असतो तो त्यासाठीच. उत्प्रेरणावरील अनेक शोधनिबंधांत मात्र या साध्या गोष्टीचा विसर पडलेला दिसतो.

त्या निबंधांतील दावा ठरावीक असतो. धातूचे संकुल पॉलिमरच्या मण्यांवर बांधले, अभिक्रिया संपल्यावर मणी गाळून घेतले, पाच वेळा वापरले, उत्पादन घटले नाही. म्हणून उत्प्रेरक स्थिर आणि पुनर्वापरयोग्य.

मूळ कल्पना निःसंशय मोलाची आहे. ऱ्होडियम वा पॅलेडियमची विद्राव्य संकुले उत्तम काम करतात, पण ती उत्पादनातून वेगळी काढणे कष्टाचे असते. मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर पेप्टाइडे रचून दाखवली. त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. ग्रब्ज आणि क्रोल यांनी १९७१ मध्ये तशाच मण्यांना फॉस्फीनचे गट जोडून त्यांवर ऱ्होडियम बसवले. त्यांच्या प्रयोगात मोठ्या आकाराच्या अल्कीनांचे हायड्रोजनीकरण मंदावले, कारण रेणूला फुगलेल्या मण्याच्या आत शिरावे लागते. मणी म्हणजे केवळ खुंटी नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

अडचण बंधात आहे. धातू आणि लिगंड यांतील बंध जुळतो तसा सुटतोही. युग्मन अभिक्रियेत पॅलेडियम शून्य आणि दोन या ऑक्सिडीकरण अवस्थांमध्ये ये-जा करते. एका अवस्थेला घट्ट धरणारा लिगंड दुसरीला तसाच धरील, याची शाश्वती नसते. सुटलेला धातू द्रावणात काम करतो आणि द्रावण थंड झाल्यावर काही वेळा पुन्हा मण्यावर बसतो. गाळणाऱ्याला सारे जागच्या जागी दिसते.

पाच फेऱ्यांचा पुरावा किती दुबळा असतो, हे साध्या हिशेबाने कळते. प्रत्येक फेरीत २ टक्के धातू निसटला, तर पाच फेऱ्यांनंतरही सुमारे ९० टक्के उरतो. अर्ध्या तासाची अभिक्रिया बारा तास चालवली, तर ही घट उत्पादनात दिसणारच नाही. पन्नास फेऱ्यांनंतर मात्र जेमतेम ३६ टक्के धातू उरेल.

निसटलेला अल्प धातू नगण्यही नसतो. लेडबीटर यांच्या गटाने २००३ मध्ये सुझुकी अभिक्रिया संक्रमण धातूविना होते असे मांडले. २००५ मध्ये त्याच गटाने कारण शोधून जाहीर केले: वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्ज भागांत सुमारे ५० भाग पॅलेडियम होते. स्वतःचा दावा स्वतः तपासण्याचे हे अनुकरणीय उदाहरण. औषधनिर्मितीत तर प्रश्न थेट रुग्णाचा आहे. तोंडावाटे घेण्याच्या औषधांतून पॅलेडियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे.

उद्योगाने ही अडचण मान्य करूनच मार्ग काढला. चियोदा आणि यूओपी यांच्या ॲसेटिक आम्लाच्या प्रक्रियेत ऱ्होडियमचे संकुल पॉलिव्हिनाइलपिरिडीन रेझिनवर आयनी आकर्षणाने धरलेले असते. तेथे तोल रेझिनच्या बाजूने राहील, अशी रचना केलेली आहे.

खरी कसोटी महागडीही नाही. अभिक्रिया निम्मी झाली की त्याच तापमानाला, थंड न करता, मणी गाळावेत आणि गाळीव द्रव तापवत ठेवावा. अभिक्रिया पुढे सरकली, तर काम विरघळलेला धातू करतो आहे. ती थांबली, तरी निष्कर्ष अंतिम नसतो, कारण सुटलेला धातू गाळतानाच निष्क्रिय झालेला असू शकतो. म्हणून द्रवातील धातू मोजणे आणि प्रत्येक फेरीचा प्रारंभिक वेग नोंदवणे हेही आवश्यक ठरते. धातू मोजायला मोठे उपकरण लागेल. परंतु गरम गाळणी आणि घड्याळ कुंभकोणमच्या महाविद्यालयात आहे तसे कोल्हापूरच्याही आहे.

मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी एवढाच आग्रह धरावा: निम्म्या टप्प्यावरील गाळणी आणि वेगाचा आलेख यांशिवाय प्रबंधात ‘पुनर्वापरयोग्य’ हा शब्द येऊ नये. पाच सारख्या उंचीचे स्तंभ काढणे सोपे असते. वर काय अडले याबरोबरच खाली काय उतरले, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागणे अधिक महत्त्वाचे आहे.