निकोडेमस : माळरानावरचे हक्काचे गाव

गावाचा मोठेपणा डोकी मोजून ठरवायची जगाची रीत आहे. त्या रीतीने पाहिले तर अमेरिकेतील कॅन्सस राज्यातले निकोडेमस हे गाव कशातच जमा नाही. आज तिथे विसाच्या आतच माणसे राहतात. चहूकडे सपाट माळ, गव्हाची शेते आणि अंगावर येणारा वारा. पण वाचकहो, ज्यांना बाजारात उभे करून विकले जात होते, त्या माणसांनी स्वतःच्या नावावर जमीन घेऊन वसवलेले हे गाव आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही त्याची हकिकत सांगायला बसलो आहोत.

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. पण बेडी तुटली म्हणजे पोटाचा प्रश्न सुटला असे होत नाही. दक्षिणेतली जमीन जुन्या मालकांच्याच हाती राहिली. कालचा गुलाम आज त्याच शेतात वाट्याने राबू लागला, कर्जात बुडू लागला. तोंड उघडले तर रात्री दारावर हल्ला होई. स्वातंत्र्य कागदावर आले होते, पण पायाखालची माती परक्याचीच होती.

अशा वेळी पश्चिमेकडे जमीन मिळते, ही बातमी कानावर आली. १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसणाऱ्याला १६० एकर मिळत होती. ही ‘मोकळी’ जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींना हुसकावून मोकळी केलेली होती, हेही इथे नमूद केले पाहिजे.

१८७७ च्या एप्रिलमध्ये डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि जमिनीचे व्यवहार करणारा डब्ल्यू. आर. हिल हा गोरा माणूस यांनी निकोडेमस गावाची कंपनी काढली. केंटकी राज्यातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत पत्रके वाटली गेली. सुपीक जमीन, भरपूर पाणी, नवे गाव! सप्टेंबरात तीनशेहून अधिक माणसे निघाली. एलिस गावापर्यंत आगगाडी आणि तिथून पुढे ३५ मैल पायी किंवा गाडीने.

पोहोचल्यावर काय दिसले? गावच नव्हते. जमिनीत बिळे खोदून त्यात माणसे राहत होती. पत्रकातले गाव प्रत्यक्षात गवत आणि आभाळ एवढेच होते. संतापलेल्या लोकांनी हिलला धारेवर धरले. कित्येक कुटुंबे लगेच माघारी फिरली.

१८७८ च्या वसंतात नवऱ्याबरोबर, सहा मुलांना घेऊन विलियाना हिकमन आली. एलिसच्या मुक्कामात त्यांच्या तांड्यात गोवराची साथ आली आणि कित्येक मुले दगावली. त्यांना पुरून तांडा पुढे निघाला. निकोडेमस आले असे पुरुष सांगू लागले, तेव्हा तिला गाव दिसेना. दिसत होता तो जमिनीतून वर येणारा धूर. त्या धुराखाली माणसांचे संसार आहेत हे कळल्यावर ती रडू लागली. ही आठवण तिने म्हातारपणी सांगितली. रडली, पण परत गेली नाही. त्याच मुलखात तिने संसार उभा केला. इतिहासाच्या पुस्तकात गाव वसवणाऱ्या पुरुषांची नावे ठळक असतात. पण गाव टिकते ते अशा मायमाउल्यांच्या निर्धारावर, असे आम्हाला वाटते.

पहिला हिवाळा जीवघेणा होता. लाकूड नाही, म्हणून रानगव्यांच्या वाळलेल्या शेणावर चुली पेटवल्या. बैल-घोडे नाहीत म्हणून पुढे कुदळ-फावड्याने जमीन फोडली. त्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्यातले मांस दिले म्हणून जीव वाचले, अशी आठवण गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ज्यांची स्वतःची जमीन गेली होती, त्यांनीच भुकेल्या परक्यांच्या तोंडी घास घातला!

आणि अशा हालातही या लोकांनी सुरुवातीलाच काय केले? शाळा काढली. जेनी फ्लेचर या बाईंनी जमिनीत खोदलेल्या घरातच मुलांना शिकवायला सुरुवात केली. गुलामगिरीत दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा गुन्हा होता. त्या माणसांची मुले आता मातीच्या भिंतींआड बसून मुळाक्षरे गिरवत होती. वाचकांतील माताभगिनींना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दहा वर्षांत माळाचे रूप पालटले. दगडाची घरे झाली. दुकाने, हॉटेल, चर्च, पतपेढी आणि दोन वृत्तपत्रे निघाली. निकोडेमसच्या वस्तीतून पुढे आलेला एडवर्ड मॅककेब १८८२ साली राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला आणि १८८४ साली पुन्हा. संपूर्ण कॅन्सस राज्यातून निवडून येऊन असे पद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. गुलामगिरी संपून अजून वीस वर्षेही झाली नव्हती!

मग घाला आला तो रेल्वेचा. रूळ आपल्या गावातून जावेत म्हणून गावाने १६,००० डॉलरचे कर्जरोखे देण्याची तयारी दाखवली. पण १८८८ मध्ये रेल्वे आली ती गावाला टाळून, सॉलोमन नदीच्या पलीकडून. तिथे बोग नावाचे नवे गाव झाले. दुकानदारांनी बिऱ्हाडे, काहींनी तर इमारतीसुद्धा उचलून तिकडे नेल्या. पुढे १९३० नंतरच्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी कंबरडे मोडले. १९३५ पर्यंत गावात शंभर माणसेही उरली नाहीत. १९५३ साली पोस्ट बंद झाले, पुढे शाळाही बंद पडली.

अशी गावे अमेरिकेत अनेक होती. बहुतेक नकाशावरून पुसली गेली. निकोडेमस का उरले? आमच्या मते याची कारणे दोन. एक म्हणजे, काही कुटुंबांनी जमीन विकली नाही. दुसरे म्हणजे, बाहेर गेलेल्यांनी गाव सोडले तरी नाते सोडले नाही. गुलामगिरी संपल्याचा उत्सव हे गाव आरंभीच्या दिवसांपासून साजरा करीत आले आहे. आजही दर जुलैच्या अखेरीस दूरदूरच्या शहरांतून लेकीसुना, नातू-पणतू येतात. मिरवणूक निघते, पंगती बसतात, आणि विसाच्या आतले गाव शेकड्यांनी भरते. याच मातीतला व्हेरिल स्विट्झर १९५४ साली अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघात गेला आणि पुढे विद्यापीठात अधिकारी झाला.

१९८८ साली गावच्या वंशजांपैकी अँजेला बेट्स यांनी इतिहास संस्था उभारली. म्हाताऱ्यांच्या आठवणी, फोटो, कागद गोळा केले, सरकारदरबारी खेटे घातले. १९९६ साली गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. दोन चर्च, हॉटेल, शाळा आणि सभागृह या पाच वास्तू आज त्या इतिहासाच्या साक्षीदार आहेत.

रूळ दुसऱ्याच्या मर्जीने येतात आणि जातात. जमिनीचा कागद आणि घराण्याची आठवण मात्र आपल्या हाती असते. तेव्हा वाचकहो, या रविवारी एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. आपले घराणे कुठून आले, कोणत्या साली, पहिली भिंत कोणी घातली, पहिले अक्षर कोण शिकले, हे विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. आठवण कागदावर उतरली नाही, तर ती सांगणाऱ्याबरोबरच निघून जाते.